भिंगावर ‘दुप्पट’ लिहिलंय म्हणून ते दुप्पटच असतं का?

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी माझा एक मित्र लॅबच्या दाराशी उभा. हातात पेपरात गुंडाळलेली दोन किलोची काहीतरी वस्तू. हा शॉर्ट फिल्म करतो, नोकरी सांभाळून. म्हणाला, “अगं, तुझ्याकडे ग्राफपेपर आहे का? आणि जरा वेळ?”

पेपरातून निघालं एक जुनं भिंग. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेलं, कुठल्यातरी बंद पडलेल्या टॉकीजच्या प्रोजेक्टरचं. नळीवर कोरलेलं होतं की हे प्रतिमा आडवी दुप्पट करतं. आपल्याकडे सिनेमाच्या पोस्टरवर ‘सिनेमास्कोप’ असं ठळक लिहिलेलं असायचं, ते ज्याच्या जोरावर, ते हे भिंग. प्रोजेक्टरवर ते चित्र रुंद करतं. तेच कॅमेऱ्यासमोर लावलं तर रुंद दृश्य आडवं दाबून अर्ध्या जागेत बसवतं. मग संगणकावर चित्र दुप्पट ताणलं की झाला रुंदपडदा. हौशी लोक हल्ली असंच करतात.

मित्राची तक्रार अशी: लांबचे शॉट झकास येतात. डोंगर, रस्ता, एसटी स्टँड, सगळं बरोबर. पण त्याने स्वतःच्या आजीचा क्लोजअप घेतला आणि आजीचा चेहरा सुजल्यासारखा आला. दोन्ही गाल फुगलेले. “भिंग खराब निघालं का गं?”

भिंग खराब नव्हतं. त्याला जो आजार होता त्याला हॉलिवूडमध्ये सत्तर वर्षांपूर्वीच नाव पडलेलं आहे: सिनेमास्कोपचं गालगुंड. आज या गालगुंडाबद्दल लिहायचंय, कारण त्याने माझ्या पीएचडीचे आठ महिने खाल्ले. म्हणजे त्या भिंगाने नाही खाल्ले. तो किस्सा शेवटी.

आधी हे भिंग आलं कुठून ते बघू. १९५० च्या आसपास अमेरिकेत लोक घरी टीव्ही बघायला लागले आणि थिएटरं ओस पडायला लागली. टीव्हीचा पडदा आणि तेव्हाच्या सिनेमाचा पडदा, दोन्हीचा आकार जवळपास सारखाच होता. सिनेमाची चौकट १.३७ : १. घरी जे दिसत नाही ते थिएटरात दाखवायचं, तर पडदा रुंद करणं हा एक उपाय.

पहिला मोठा दणका दिला सिनेरामाने. ३० सप्टेंबर १९५२ ला न्यूयॉर्कमध्ये ‘धिस इज सिनेरामा’ लागला. हे फ्रेड वॉलर नावाच्या माणसाचं डोकं. त्याने दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या तोफचींच्या सरावासाठी पाच प्रोजेक्टरचं यंत्र बनवलं होतं, त्यातून हे पुढे आलं. सिनेरामाच्या कॅमेऱ्यात २७ मिमीची तीन भिंगं, तीन स्वतंत्र ३५ मिमी फिल्मी, आणि तिघांना मिळून एकच फिरता शटर. दृश्याचा आवाका १४६ अंश. दाखवताना तीन प्रोजेक्टर आणि मोठा वक्र पडदा. दिसायचं भव्यच, पण तीन चित्रांचे दोन सांधे पडद्यावर कळायचे. ते लपवण्यासाठी प्रोजेक्टरमध्ये दातेरी पट्टी खालीवर थरथरत ठेवायची, म्हणजे कडा पुसट होतात. नटांची आणखी पंचाईत. दोघं वेगवेगळ्या तुकड्यांत उभे असले तर एकमेकांकडे सरळ बघून चालायचं नाही, जरा भलतीकडेच बघावं लागायचं, तरच पडद्यावर नजर जुळल्यासारखी वाटायची!

हे सगळं प्रत्येक गावच्या थिएटरात बसवणं शक्य नव्हतं. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला असं काहीतरी हवं होतं की फिल्म तीच ३५ मिमी, कॅमेरा तोच, प्रोजेक्टर तोच, फक्त पुढे एक भिंग लावायचं. फ्रान्समध्ये आंरी क्रेतियन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच असं भिंग बनवून ठेवलेलं होतं, नाव ‘हायपरगोनार’. दिग्दर्शक क्लोद ओताँ-लारा याने ते वापरून एक छोटा चित्रपटही केला होता, पण पुढे कुणी ढुंकून पाहिलं नाही. (खगोलशास्त्रवाल्यांनो, हाच तो रिची-क्रेतियन दुर्बिणीतला क्रेतियन. हबल दुर्बीण त्याच रचनेची, आणि आपल्या लडाखमधल्या हानलेची दोन मीटरची दुर्बीणही.) फॉक्सचे अध्यक्ष स्पायरोस स्कुरास यांनी १९५२ च्या अखेरीस क्रेतियनला गाठलं आणि १६ सप्टेंबर १९५३ ला ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट लागला. चौकट २.५५ : १. एका वर्षाच्या आत पंचवीस वर्षं जुनं संशोधन जगभर गेलं. आपला पेपर कुणी वाचत नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी ही गोष्ट मी जपून ठेवली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट: हे भिंग आतून असतं कसं?

नेहमीचं भिंग गोलाच्या पृष्ठभागाचं असतं, ते सगळ्या दिशांना सारखं वागतं. सिनेमास्कोपचं भिंग दंडगोलाच्या पृष्ठभागाचं. काचेची बाटली उभी धरून मागची अक्षरं बघा. ती आडवी बदलतात, उभी बदलत नाहीत. तसंच. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या भिंगासमोर अशी दोन दंडगोल भिंगं ठेवायची, पुढे अंतर्वक्र, मागे बहिर्वक्र. उभ्या दिशेने बघितलं तर ती नुसतीच सपाट काच. आडव्या दिशेने बघितलं तर ती उलटी धरलेली गॅलिलिओची दुर्बीण, जी सगळं अर्धं लहान दाखवते.

समजा पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर उणे १०० मिमी आणि मागच्याचं अधिक २०० मिमी. दोघांमध्ये १०० मिमी जागा ठेवली की लांबून आलेले समांतर किरण पलीकडेही समांतरच निघतात आणि विशालन बरोबर निम्मं. म्हणजे आडवा दाब दुप्पट. हे झालं अनंत अंतरावरच्या वस्तूसाठी. नळीवर कोरलेला आकडा हा एवढ्याच परिस्थितीतला आहे.

आता आजीला एक मीटरवर बसवा. वही काढा, हे बारावीचं भिंगाचं सूत्र आहे, मी त्याच्या पलीकडे जात नाहीये. उभ्या दिशेने काच सपाट, त्यामुळे मागच्या कॅमेऱ्याला आजी जिथे आहे तिथेच दिसते. आडव्या दिशेने मात्र पुढचं अंतर्वक्र भिंग तिची आभासी प्रतिमा आपल्यापासून ९०.९ मिमीवर तयार करतं. मागच्या भिंगाने ही प्रतिमा परत आजीच्या खऱ्या जागी नेऊन दाखवली पाहिजे. नाही नेली तर डोळ्यांच्या आडव्या रेषा स्पष्ट आणि नाकाची उभी कड धूसर, असा विचित्र प्रकार होतो. तसं नेण्यासाठी दोन भिंगांमधलं अंतर कमी करावं लागतं. गणित सोडवलं की ते १०० वरून साधारण ७७.८ मिमी येतं. भिंगाची फोकस रिंग फिरवता तेव्हा आत नेमकं हेच होतं.

पण अंतर बदललं की विशालनही बदललं. पहिल्या भिंगाचं ०.०९०९, दुसऱ्याचं ६.३९, गुणाकार ०.५८. निम्मं नाही! दाब २ ऐवजी १.७२ झाला. आपण मात्र संगणकावर, किंवा थिएटरात प्रोजेक्टरवर, इमानदारीत दुप्पटच ताणतो. ०.५८ गुणिले २ म्हणजे १.१६. आजीचा चेहरा १६ टक्के रुंद.

हेच मी दोन मीटरसाठी केलं तर दाब १.८४ येतो, चेहरा ९ टक्के रुंद. पाच मीटरला १.९३, म्हणजे जेमतेम ४ टक्के, जे कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून मित्राचे डोंगर बरोबर आणि आजी चूक. हे माझ्या काल्पनिक, पातळ भिंगांचे आकडे आहेत. खऱ्या भिंगात काच जाड, भिंगं अनेक, आकडे वेगळे. पण दिशा तीच राहते: जितकं जवळ, तितका दाब कमी. त्यात आणखी भर म्हणजे दाब चौकटीच्या मध्यात आणि कडेलाही सारखा नसतो. मध्ये उभा असलेला माणूस जाड दिसतो, तोच चालत कडेला गेला की बारीक होतो.

सुरुवातीच्या सिनेमास्कोप सेटवर हे कसं निभावत असतील याचा विचार करा. कॅमेऱ्याचं मूळ भिंग वेगळं, त्यापुढे लावलेलं दंडगोलाचं जोडभिंग वेगळं, आणि फोकस दोघांचाही वेगवेगळा करायचा. नट दोन पावलं पुढे आला की सहाय्यकाने दोन रिंगा एकाच वेळी अचूक फिरवायच्या. पुढे बॉश अँड लाँब कंपनीने दोन्ही एकत्र करून एकसंध भिंगं दिली, रिंगांचा त्रास गेला, पण गालगुंड राहिलंच. त्या काळच्या चित्रपटांत माणसं पडद्यावर दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी ओळीने उभी दिसतात आणि चेहरे जवळून क्वचित दिसतात. याचं कारण नवी सौंदर्यदृष्टी असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. असेलही. रुंद पडद्याची हौस होतीच. पण मला वाटतं, जवळ गेलं की नटीचे गाल फुगतात हे ज्याला माहीत आहे तो दिग्दर्शक लांबच उभा राहणार.

बाकीच्या स्टुडिओंनी दंडगोलाच्या भानगडीत न पडता वाट काढली. पॅरामाउंटने ‘व्हिस्टाव्हिजन’ काढलं (पहिला चित्रपट ‘व्हाइट ख्रिसमस’, १९५४). त्यात तीच ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यातून आडवी पळते, त्यामुळे एका फ्रेमला कडेची चार छिद्रं नाही तर आठ छिद्रांएवढी जागा मिळते. टॉड-एओने फिल्मच ६५ मिमी केली आणि सेकंदाला २४ ऐवजी ३० फ्रेम घेतल्या, ‘ओक्लाहोमा!’ साठी, १९५५ मध्ये. दोन्हीत भिंगं गोलाची, गालगुंडाचा प्रश्नच नाही, पण कॅमेरे वेगळे आणि फिल्मचा खर्च जास्त. व्हिस्टाव्हिजनचे जुने कॅमेरे पुढे ‘स्टार वॉर्स’च्या ट्रिक शॉटसाठी बाहेर काढले गेले आणि २०२४ चा ‘द ब्रूटलिस्ट’ही त्याच पद्धतीने चित्रित झालाय. या दोघांवर लिहायला बसले तर वेगळा लेख होईल.

गालगुंडावर औषध सापडलं ते पॅनाव्हिजनकडे. रॉबर्ट गॉट्सचॉक याने १९५०च्या दशकात काढलेली ही कंपनी आधी प्रोजेक्टरची जोडभिंगं विकायची. तिथला प्रकाशशास्त्राचा जाणकार वॉल्टर वॉलिन याने जे केलं ते मला या सगळ्या कथेत सर्वात देखणं वाटतं.

रोग कशामुळे? फोकससाठी दोन दंडगोलांमधलं अंतर बदलावं लागतं म्हणून. मग ते अंतर बदलायचंच नाही. त्याऐवजी जवळच्या वस्तूसाठी आडव्या आणि उभ्या दिशेत जो फरक पडतो, तेवढाच उलटा फरक दुसरीकडून आणायचा. त्यासाठी त्याने दोन अगदी कमजोर दंडगोल भिंगं जोडली, सारख्याच ताकदीची. एका विशिष्ट स्थितीत ती एकमेकांना रद्द करतात, जणू साधी काच. आता एक घड्याळाच्या दिशेने आणि दुसरं उलट दिशेने सारखंच फिरवलं की हळूहळू दंडगोलाचा नंबर तयार होतो, आणि त्याची दिशा जागची हलत नाही, फक्त ताकद वाढते. ही दोन भिंगं फोकस रिंगला जोडून टाकली. रिंग फिरते, भिंगं फिरतात, फोकस लागतो, आणि मुख्य दुर्बिणीतलं अंतर जिथल्या तिथे. चेहऱ्यावरचा दाब दोनच राहतो. दोष पूर्ण जात नाही, तो फोकसबाहेरच्या पार्श्वभूमीकडे ढकलला जातो. पण धूसर झाड किती जाड आहे हे कोण मोजतंय? या ‘ऑटो पॅनाटार’ भिंगाला १९५८ सालासाठी अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. फॉक्सने स्वतः १९६७ नंतर सिनेमास्कोप सोडून दिलं.

आणि एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन दंडगोलांची ही कल्पना? ती स्टोक्सची. तोच, व्हिस्कॉसिटीवाला स्टोक्स. त्याने १८४९ मध्ये माणसाच्या डोळ्यातला सिलिंडरचा नंबर मोजण्यासाठी ती मांडली होती. चष्म्याच्या दुकानातून निघालेली युक्ती शंभर वर्षांनी हॉलिवूडच्या कॅमेऱ्यात. म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना आपल्या विषयाच्या बाहेरचंही वाचावं असं आमच्या मॅडम सांगतात, तेव्हा मी आता कुरकुर करत नाही.

आपल्याकडे सिनेमास्कोप आला तो १९५९ मध्ये, गुरुदत्तच्या ‘कागज़ के फूल’मधून. छायाचित्रण व्ही. के. मूर्ती. स्टुडिओत वरून येणारा तो प्रकाशाचा झोत त्यांनी बाहेरचं ऊन आरशांवरून आत घेऊन मिळवला होता, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला आता तो चित्रपट बघताना वेगळंच दिसतं: ज्या तंत्रात चेहऱ्याच्या जवळ जाणं अवघड, ते तंत्र त्यांनी एकट्या माणसाची कथा सांगायला घेतलं, आणि रिकाम्या स्टुडिओचा रुंद अंधार कामाला लावला.

मित्राच्या आजीकडे परत येते. त्याला पॅनाव्हिजनचं भिंग परवडणार नव्हतं. पण एक साधी ॲक्सेसरी आहे, जुनीच: क्लोजअप डायऑप्टर. म्हणजे अधिक १ नंबरची साधी गोल काच, सगळ्यात पुढे लावायची. बरोबर एक मीटरवरच्या वस्तूचे किरण त्यातून समांतर होऊन निघतात. मागच्या दंडगोलांना वाटतं वस्तू अनंतावर आहे, ती १०० मिमीवरच राहतात, दाब दुप्पट. अडचण एवढीच की आजीने त्या एक मीटरच्या आसपासच बसायचं, पुढेमागे झुकायचं नाही. त्याने तो शॉट परत घेतला. आजींचं मत पडलं की आधीचाच फोटो बरा होता, त्यात जरा खात्यापित्या घरची दिसत होते.

आता माझा किस्सा. त्या शनिवारी रात्री हे गणित करून मी खूश होऊन झोपले आणि पहाटे चारला दचकून उठले.

माझं काम पडणाऱ्या थेंबांच्या बाष्पीभवनाचं. कॅमेरा एका जागी, थेंब वेगवेगळ्या अंतरांवर, दर वेळी फोकस रिंग फिरवून फोटो घ्यायचे आणि पिक्सेल मोजून व्यास काढायचा. स्केलचा फोटो मी एकदाच, एकाच अंतरावर घेतला होता. बाकीच्या अंतरांसाठी सूत्र लावलं होतं, त्यात नाभीय अंतर घातलं १०५ मिमी, कारण लेन्सवर १०५ छापलंय. आणि त्यातून मला एक सुंदर कल मिळाला होता: कॅमेऱ्याच्या जवळच्या रांगेतले थेंब लांबच्यांपेक्षा जास्त झपाट्याने आटत होते. त्यामागचं कारणही मी शोधलं होतं, हवेच्या प्रवाहाचं, आकृतीसकट. सहामाही अहवालात तो मुख्य निष्कर्ष होता आणि समितीपुढे सादरीकरण तीन आठवड्यांवर.

माझी मॅक्रो लेन्स आतल्या आत भिंगं सरकवून फोकस करते. जवळ फोकस केला की तिचं नाभीय अंतर १०५ राहतच नाही, कमी होतं. छापलेला आकडा अनंतासाठीचा. तोच आजार, फक्त आजीच्या जागी थेंब. आणि व्यासात ४ टक्के चूक म्हणजे आकारमानात साडेबारा टक्के, कारण घन होतो.

सोमवारी सकाळी प्रत्येक अंतरावर स्केलचा फोटो घेतला. दुपारपर्यंत माझा शोध नाहीसा झाला होता. सगळे थेंब एकाच वेगाने आटत होते, पाठ्यपुस्तकात लिहिलंय तसे.

मॅडमना सांगायला गेले तेव्हा पाय खरंच जड झाले होते. त्यांनी आलेख शांतपणे बघितला आणि विचारलं, “कॅलिब्रेशनचं हे दुसऱ्या कुणी पकडलं की तूच?” मी म्हटलं, मीच. “मग सादरीकरणात हेच पहिल्या स्लाइडला घे.” घेतलं. समितीतले एक सर म्हणाले की सहा महिने वाया गेले. मी आठ सांगितलं नाही.

तुमच्याकडे कुठलंही भिंग असेल, मोबाईलचंसुद्धा, तर करून बघा: ग्राफपेपरवर १० सेंमीचा चौकोन काढा, भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा समोर काटकोनात ठेवा. जवळ, मध्यम, लांब असे फोटो घ्या, आणि तोच चौकोन चौकटीच्या मध्यात व कडेला ठेवूनही घ्या. दंडगोलाचं भिंग असेल तर चौकोनाची उंची भागिले रुंदी हा खरा दाब. साधं भिंग असेल तर मिलिमीटरला किती पिक्सेल ते लिहा, शेजारी फोकस रिंगची खूणही लिहा. माझ्या फाईलींच्या नावातच आता ती खूण असते. जुन्या आठ महिन्यांच्या फाईलींना नव्हती, त्यामुळे त्यातल्या तीनशे-एक फोटोंचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.